उलट्या तोंडाचा पक्षी

बार्तासाहेबांनी आमच्या घरात पाऊल टाकलं आणि चहा यायच्या आत आमचा गणपती पालथा केला.

पालथा म्हणजे अक्षरशः पालथा. आम्ही इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत सेमी-डिटॅच्ड घर घेतलं, खोकी फोडून झाली, आणि शेजारधर्म म्हणून उषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात एकट्यानंच राहणाऱ्या डेंटिस्टना चहाला बोलावलं. गृहस्थ आले. उंची सहा फूट. मी सांगताना साडेसहा सांगतो. राखाडी वेस्टकोट, आणि मिशी अशी की दोन टोकांवर दोन कबुतरं बसली असती तरी तोल गेला नसता. दारातच त्यांनी कमरेत वाकून उषाचा हात ओठांजवळ नेला. त्यांच्या हंगेरियन मुलखातली ती रीत. पण उषा पडली पेणची. तिनं हात असा काही खेचला की बांगड्या बार्तासाहेबांच्या मुठीत राहतात की काय, अशी मला भीती वाटली.

मग साहेब आत आले आणि फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवलेली आमची शाडूची वीतभर मूर्ती त्यांनी उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि देवाचं बूड न्याहाळायला लागले.

"अहो, देव आहे तो!" उषा मराठीतच ओरडली.

"मागची बाजू आधी, मिसेस पाटील," ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले. "पुढची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते. तिच्यावर विश्वास ठेवू नये. हे बघा, इथे अंगठा उमटलाय. हा माणूस डावखुरा होता."

उषानं हातातली कपबशी तशीच टेबलावर ठेवली. मूर्ती केली होती तिच्या माहेरच्या शेजारच्या दामूकाकांनी, आणि दामूकाका डावखुरे होते.

माझं आधीच सांगून ठेवतो. मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा उंच टाचांचे बूट घालतो, एवढंच. पण बार्तासाहेबांच्या बाबतीत तेवढीही तसदी घ्यावी लागत नाही. तो माणूस मुळातच उंच टाचांचा होता.

मागची बाजू बघण्याचं त्यांना व्यसन होतं. रेस्टॉरंटमध्ये जेवण यायच्या आधी प्लेट उलटी करत. जेवण आल्यावरही एकदा केली होती म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही. कोणी लग्नाचा फोटो दाखवला की आधी फोटोची पाठ बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"मुळे एका जोडप्यात आठवडाभर अबोला होता. दूधवाल्यावर संशय, कारण तो शीळ घालायचा. कौन्सिलवर संशय, कारण कचऱ्याचे डबे उचलणारी माणसं "गुड मॉर्निंग" म्हणायची. "सरकारी माणूस विनाकारण गोड बोलत नाही, डॉक्टर. मी तीन सरकारं पाहिली आहेत." ट्रेनमध्ये ते नेहमी इंजिनाकडे पाठ करून बसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पुढे काय येणार ते कोणीही काहीही सांगेल. मागे काय गेलं ते मला तपासून घेता येतं."

आता असा माणूस सगळ्या जगावर संशय घेतो म्हटल्यावर जगानं त्याच्यावर घेऊ नये? आमच्या महाराष्ट्र मंडळातला आपटे, धंद्यानं फॅमिली डॉक्टर आणि वृत्तीनं फौजदार, त्यानं तर पहिल्या भेटीतच निकाल दिला.

"पाटल्या, हा माणूस हेर आहे."

"कशावरून?"

"नावं किती आहेत त्याला? हंगेरियन क्लबात इश्तवान, स्लोव्हाक मित्रांमध्ये श्टेफान, सर्जरीच्या पाटीवर स्टीव्हन. मला एक नाव सांभाळताना नाकीनऊ येतात. तीन नावं कोण ठेवतो?"

तो ऐंशीच्या दशकाचा काळ. युरोपाच्या मध्यावर तारेचं कुंपण होतं आणि त्या कुंपणापलीकडून आलेला प्रत्येक माणूस आपटेला हेर वाटायचा. मला मात्र वेगळीच शंका होती. मी भूलतज्ज्ञ. माणसं भूल चढता चढता काय काय बोलतात ते ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. मला बार्तासाहेबांच्या बोलण्यात एक जागा अशी दिसायची, की तिथे आलं की ते वळसा घालून जात.

ती जागा म्हणजे त्यांचं गाव.

गावाचंही त्यांच्यासारखंच एका नावात भागत नसे. हंगेरियन लोक त्याला हॉलोफाल्वा म्हणत, म्हणजे डोमकावळ्याचं गाव. स्लोव्हाक लोक होलुबोव्से म्हणत, म्हणजे पारव्याचं गाव. गाव तेच, चर्च एक, विहीर एक, चिखल एक. सरहद्द मात्र कुत्र्यासारखी गावाच्या कधी ह्या अंगाला झोपायची तर कधी त्या. बार्तासाहेब सांगत, "माझे आजोबा अंगणाबाहेर न जाता तीन देशांत राहिले." साहेबांचे वडील होते गावाचे 'बिरो', म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखेच. तंटे सोडवायचे, सारा गोळा करायचा, आणि गावाचा शिक्का सांभाळायचा. पितळेचा शिक्का. त्याच्यावर गावाचं चिन्ह. तो लाखेवर किंवा मेणावर उठला, की गाव बोललं.

महायुद्ध संपल्यावर हुकूम निघाला, की हंगेरियन घरांनी नदीपलीकडे, हंगेरीत, चालतं व्हावं. बार्ता कुटुंब गेलं. साहेब तेव्हा विशीतले. वडील पलीकडेच वारले. पुढे हंगेरीतही रणगाडे आले तेव्हा साहेब तिथून निसटले, आणि दात उपटण्याची विद्या घेऊन कॉव्हेंट्रीला लागले. पण गावात मागे एक वाक्य राहिलं, आणि ते कुंपणं ओलांडून, चाळीस वर्षं चालत, कॉव्हेंट्रीच्या हंगेरियन क्लबापर्यंत आलं होतं: म्हातारा बार्ता जाताना गावाचा शिक्का चोरून घेऊन गेला.

हे कोणी काढलं की साहेबांची मिशी थरथरायची. "माझे वडील चोर नव्हते."

आपटे माझ्या कानात म्हणाला, "नीट ऐक. चोर नव्हते म्हणतो. शिक्का नेला नाही, असं कधी म्हणतो का?"

आणि खरंच, कधी म्हणत नसत. त्यांची अडचण मला पुढे कळली. शिक्का नाही म्हणावं, तर गावाचं चिन्ह कायमचं बुडालं. आहे म्हणून काढून दाखवावा, तर बाप चोर ठरला. म्हणून हा माणूस जन्मभर ह्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत उभा होता.

त्यांच्या हॉलमध्ये, दारातून शिरताच समोर, एक लाकडी ढाल टांगलेली होती. दरवाज्याएवढी म्हणणार होतो, पण खिडकीएवढी म्हणू. निळ्या रंगावर हिरवी टेकडी, टेकडीवर एक सोनेरी पक्षी. पक्षी म्हणजे नुसता आकार. ना डोळा, ना पीस.

"कुठला पक्षी हा?" मी विचारलं.

"पक्षी," ते म्हणाले. "जात विचारू नका. जात हा राजकारणाचा प्रश्न आहे."

हंगेरियन म्हणत डोमकावळा, स्लोव्हाक म्हणत पारवा, आणि त्यावरून म्हणे गावात जत्रेच्या दिवशी डोकी फुटत. साहेब त्या वादात पडत नसत. त्यांचा सगळा अभिमान पक्ष्याच्या तोंडात होता. एका रविवारी त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, उषाला आणि आपटेला, ढालीसमोर उभं करून धडाच दिला.

"ढालीची उजवी बाजू म्हणजे कोणाची उजवी? बघणाऱ्याची नव्हे. ढाल हातात धरून जो मागे उभा आहे, त्याची."

"एक्स-रेसारखं," आपटे म्हणाला. "पेशंटची उजवी."

"आमच्या गणपतीसारखं," उषा म्हणाली. "सोंड उजवी की डावी, ते देवाच्या बाजूनं ठरतं, आपल्या नाही."

साहेब इतके खूश झाले, की उषाचा हात पुन्हा ओठांकडे निघाला. ह्या खेपेला उषानं तो आधीच पदराखाली घेतला होता. "आता बघा," ते म्हणाले. "सगळ्या युरोपातले सिंह, गरुड, डुकरं धरणाऱ्याच्या उजवीकडे तोंड करतात. तो मान आहे. आमचा पक्षी एकटा डावीकडे बघतो. का? कारण उजव्या बाजूला जहागीरदाराचा वाडा होता. आमच्या गावानं जहागीरदाराकडे पाठ केली!"

ही हकिकत ते अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्यालाही कोणाकडे तरी पाठ करावीशी वाटे. मी ती मंडळात तीन-चारदा माझ्याच गावची म्हणून सांगितली आहे.

त्याच दिवशी मीही जरा फुशारकी मारली. म्हटलं, "साहेब, आम्हीही पाटील. आमच्या पणजोबांना अक्षर येत नव्हतं, पण कागदावर त्यांची निशाणी उठल्याशिवाय गावचा एकही व्यवहार पुरा होत नसे. निशाणी काय, तर नांगर."

बार्तासाहेबांच्या हातातला ग्लास वाटेतच थांबला. त्यात त्यांनी घरी गाळलेली आलुबुखाराची दारू होती. तिच्या वासानं शेजारच्या कुंपणाचा रंग उडाला होता.

"नांगर," ते म्हणाले. "तुम्हाला नांगराबद्दल कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? आमच्याच घरातली गोष्ट आहे."

"आजच का आठवली?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्याकडे आले नाहीत. कुंपणापलीकडून दिसले की टोपी उचलत, आणि मी पाठ फिरवली की माझी मागची बाजू बघत. मला ते जाणवत असे. पाठीला डोळे नसतात, पण कातडी असते.

आता आपटेला राहवेना. साहेबांच्या बागेत मागे एक शेड होती. रिटायर झाल्यापासून ते दिवसभर त्या शेडमध्ये असत, खिडकीला पडदा, आतून मेणाचा आणि प्लास्टरचा वास. "पासपोर्ट बनवतोय," आपटे म्हणाला. "मेण, ठसे, शिक्के. अजून काय पाहिजे?" आणि एका भर दुपारी, मी मागे खेचत असताना, त्यानं सरळ जाऊन शेडचं दार वाजवलं. मला वाटलं होतं पळापळ होईल. साहेबांनी दार उघडलं आणि म्हणाले, "उशीर केलात. मी तुमची गेल्या उन्हाळ्यापासून वाट बघतोय."

आत फळ्यांवर जबडे होते. प्लास्टरचे, पांढरे, भिंतीभर. आयुष्यभर कॉव्हेंट्रीच्या तोंडात घालून घेतलेले साचे. अर्धं शहर तिथे दात विचकून बसलं होतं. आणि मधूनमधून सरदार-उमरावांच्या ढाली, त्याच प्लास्टरच्या, हौसेनं ओतलेल्या. पासपोर्ट एकही नाही. आपटेनं निराश होऊन कोपऱ्यातला एक जबडा उचलला, आणि त्याचा हात खाली गेला.

"बाप रे, केवढा जड! कोणाचा हा?"

"माझ्या वडिलांचा," साहेब म्हणाले, आणि तो जबडा त्यांनी आपटेच्या हातातून काढून घेतला. हळूच, पण डेंटिस्टच्या बोटांनी. त्या बोटांना नाही म्हणता येत नसे.

मग बर्लिनची भिंत पडली, कुंपणं निघाली, आणि काही वर्षांत स्लोव्हाकिया वेगळा देश झाला. नव्या देशात गावोगाव आपापलं जुनं चिन्ह हुडकायची घाई लागली. हॉलोफाल्वा ऊर्फ होलुबोव्सेत काय झालं असेल ते सांगायला नको. साहेबांच्या क्लबातली खबर अशी, की बस थांब्यावर रंगवलेला पक्षी सोमवारी काळा असायचा, मंगळवारी पांढरा, आणि रविवारी पाऊस पडून करडा. शेवटी गावानं ठरवलं, की म्हाताऱ्या बार्त्याचा मुलगा इंग्लंडात आहे, त्याला गाठा. जायला सरपंच तयार झाले, कोवाच नावाचे, हंगेरियन बोलणारे. त्यावर स्लोव्हाक मंडळींनी शाळेच्या मास्तरीणबाईंना, आन्नाबाईंना, बरोबर धाडलं. एकट्याला पाठवायला कोणीच तयार नव्हतं.

बार्तासाहेबांनी त्यांना घरात घ्यायला नकार दिला.

"का?" मी विचारलं.

"माझ्या घरात येऊन ते प्रत्येक वस्तूची मागची बाजू बघतील."

म्हणून बैठक आमच्याकडे ठरली. रविवारची दुपार. उषा स्वयंपाकघरात कणीक भिजवत होती, आपटे साक्षीदार म्हणून स्वतःला बोलावून आला होता. कोवाच सरपंच बुटके, रुंद, मानेपर्यंत बटणं लावलेले. आन्नाबाई उंच, इंग्रजी उत्तम. सरपंच बोलत, बाई इंग्रजीत सांगत, आणि बार्तासाहेबांना सगळ्याच भाषा येत असल्यामुळे ते प्रत्येक वाक्याला "असं नाही म्हणाला तो" अशी दुरुस्ती करत. एवढी अवघड मीटिंग मी हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटमध्येही बघितली नाही.

"शिक्का कुठे आहे?" सरपंचांनी विचारलं.

"माझे वडील चोर नव्हते."

"ते मी विचारलं नाही."

साहेब उठले, आपल्या घरी गेले, आणि ती ढाल भिंतीवरून उतरवून, दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. "हे गावाचं चिन्ह. माझ्या आठवणीतलं. न्या आणि परत जा." आणि त्यांनी ती जहागीरदाराकडे पाठ केल्याची गोष्ट सांगायला घेतली, त्याच थाटात.

सरपंच मधेच खिशातून रुमाल काढायला लागले. मला वाटलं, रडणार. रुमालात मेणाचा तुकडा होता. चर्चच्या पेटीत सापडलेला, गावाच्या शिक्क्याचा उरलेला एकमेव ठसा. खालचा अर्धा भाग तुटून गेला होता, वरचा इतका झिजलेला की पक्षी डोमकावळा आहे, पारवा आहे की टोपी घातलेला बटाटा, हे सांगता येत नव्हतं. पण चोच दिसत होती. ती धरणाऱ्याच्या उजवीकडे होती. इतर सगळ्या युरोपासारखी.

ढालीवरचा पक्षी डावीकडे बघत होता आणि मेणातला उजवीकडे. दोघांनी टेबलावर एकमेकांकडे तोंडं केली होती.

"मेण खोटं आहे," बार्तासाहेब म्हणाले.

"आठवण खोटी आहे," सरपंच म्हणाले.

आन्नाबाईंनी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

उषा दारात उभी होती, हात कणकेनं माखलेले. तिनं ढालीकडे बघितलं, मेणाकडे बघितलं, मग फळीवरच्या गणपतीकडे. "अहो," ती मला मराठीत हळूच म्हणाली, "दामूकाकांच्या साच्यात सोंड नेहमी उलटी असायची. डाव्या सोंडेच्या मूर्तीचा साचा उजव्या सोंडेचा. ह्यांनी ठसा नाही बघितलेला. ह्यांनी साचा बघितलाय. रोज बघतायत."

बार्तासाहेबांना मराठी येत नव्हतं. पण तिची नजर कुठून कुठे गेली, ते त्यांनी पाहिलं होतं.

"मिसेस पाटील काय म्हणाल्या?"

"कणीक सैल झाली म्हणते," मी म्हणालो.

"नाही," उषा इंग्रजीत म्हणाली. "मी म्हणाले, आमच्या गावी साच्यात सगळं उलटं दिसतं."

ज्यानं जन्मभर लोकांच्या तोंडाचे उलटे साचे घेऊन सुलटे दात बनवले, ज्यानं आम्हाला उजवी-डावी शिकवली, त्यानं आपल्याच गावाचा पक्षी उलटा रंगवला होता, आणि त्या उलटेपणाची थोरवी चाळीस वर्षं गायली होती. ते उठले आणि आमच्या मागच्या दारानं बागेत गेले.

"पळाला," आपटे म्हणाला. "आता सरळ विमानतळ."

ते परत आले. हातात तो जड जबडा होता. खिशातून त्यांनी दातांची छोटी हातोडी काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वडिलांचा जबडा फोडला. प्लास्टरच्या ढिगातून पितळेचा शिक्का निघाला, आलुबुखाराएवढा.

कोवाच सरपंचांच्या तोंडून एक शब्द गेला. आन्नाबाईंनी तो इंग्रजीत आणायला वेळ घेतला. "ते म्हणतात... चोर."

"हो, म्हणा," बार्तासाहेब म्हणाले. "आम्हाला घालवायचा हुकूम वरून आला होता. पण कायद्यानं त्याच्यावर गावाचा शिक्का लागायचा. शिक्का माझ्या वडिलांकडे. ते म्हणाले, हाकलायचं तर हाकला, पण गावाच्या तोंडून नाही. हुकूम आला त्याच रविवारी ते चर्चला गेले आणि त्यांच्या बुटात हा होता. नदीपलीकडे पोचल्यावर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, उठवू नकोस. उठवायचा हक्क गावाचा. म्हणून मी हा कधीच उठवला नाही. नुसता बघत राहिलो, आणि बघून झालं की पुन्हा प्लास्टरमध्ये ओतून ठेवत राहिलो."

"हे तुम्ही सांगता," आन्नाबाई हळू म्हणाल्या. ती बाई दुष्ट नव्हती. "ह्याला आधार काय?"

आधार नव्हता. संशयी माणसाला ते सगळ्यात आधी कळतं. साहेबांनी खांदे पाडले.

मग कोवाच सरपंच बोलायला लागले, शिक्क्यावरची नजर न काढता. त्यांचे वडील गावात दवंडी पिटायचे. गळ्यात ढोल, हातात हुकूम. नदीपलीकडे जाण्याचा हुकूम त्यांनीच चौकात वाचला होता. "त्यानंतर माझा बाप दारू प्यायला की एकच गोष्ट सांगायचा," सरपंच म्हणाले. "म्हणायचा, मी वाचला खरा, पण कागद बोडका होता. खाली शिक्क्याची जागा मोकळी होती. गावानं त्यांना घालवलं नाही, वरच्यांनी घालवलं. हे म्हणायचा आणि रडायचा. का बोडका होता, ते त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही कोणी विचारलंही नाही."

आन्नाबाईंनी हे इंग्रजीत सांगितलं. बार्तासाहेबांनी एकही दुरुस्ती केली नाही.

सरपंचांनी तो शिक्का साहेबांकडे सरकवला. "उठव," ते म्हणाले. हा शब्द आम्हाला भाषांतराशिवाय कळला.

पण उठवायचा कशावर? लाख नाही, मेण नाही. उषानं स्वयंपाकघरातून परात आणली आणि टेबलावर ठेवली. बार्तासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, शिक्का दोन बोटांत धरला आणि आमच्या रात्रीच्या पोळ्यांच्या कणकेत दाबला. उचलला. आमची सहा डोकी परातीवर वाकली.

पक्षी धरणाऱ्याच्या उजवीकडे बघत होता. झिजलेला नाही, लख्ख. डोक्यावर तुरा, पोट गोल. आणि पायाखाली टेकडी नव्हती, नांगराचा फाळ होता.

"डोमकावळा नाही," आन्नाबाई म्हणाल्या.

"पारवा नाही," सरपंच म्हणाले.

"कोंबडी आहे," उषा म्हणाली.

"जहागीरदाराला सारा कोंबड्यांमध्ये द्यायचे," बार्तासाहेब म्हणाले. "हे कोणाला सांगायचं? डोमकावळ्यासाठी डोकी फोडली तुम्ही, पारव्यासाठी फोडली. कोंबडीसाठी कोण फोडेल?"

आधी आन्नाबाई हसल्या, मग सरपंच, मग कोण कुठल्या भाषेत हसतंय ते कळेना. आपटेला तर कपाटाला धरावं लागलं. कोंबडीवर एकमत झालं, कारण ती दोघांपैकी कोणाचीच नव्हती. फाळाकडे बोट दाखवून मी म्हणालो, "आणि हा नांगर आमच्या पणजोबांचा." बार्तासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात थोडासा संशय अजूनही होता. तो मी आजवर जपून ठेवला आहे.

सरपंच निघताना म्हणाले, शिक्का आम्ही नेत नाही. तुम्ही आणा. चर्चसमोर, सगळ्यांच्या देखत, तुमच्या वडिलांचं काय ते तुमच्या तोंडून सांगा. दवंडी मी पिटतो.

त्यांची पाठ फिरताच बार्तासाहेब मला म्हणाले, "सापळा असेल."

"साहेब, कोंबडीसाठी कोण सापळा लावतं?"

"कोल्हे," ते म्हणाले. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिकीट काढलं, आणि काउंटरवरच ते उलटं करून पाठही वाचली.

स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. एक बॅग, वेस्टकोट, आणि शिक्का बहुतेक बुटात. चालताना डावा पाय जरा जपून टाकत होते. प्लॅटफॉर्मवर त्यांनी वाकून उषाचा हात हातात घेतला. तिनं तो मागे घेतला नाही. लंडनची गाडी आली. आम्हाला त्यांची सवय माहीत होती; खिडकीशी, इंजिनाकडे पाठ करून बसतील, आणि गाडी वळणाला जाईपर्यंत आमच्याकडे बघत राहतील. म्हणून आम्ही हात हलवायला तयार उभे होतो.

ते डब्यात शिरले, नेहमीच्या सीटपाशी घुटमळले, आणि समोरच्या सीटवर बसले. पुढे तोंड करून.

गाडी हलली. आम्हाला दिसला तो राखाडी वेस्टकोटाचा खांदा, टोपीखालचे पांढरे केस, आणि मानेवरची आडवी सुरकुती. उषा म्हणाली, "वळूनसुद्धा नाही बघितलं हो." इतक्या वर्षांच्या शेजारात मला त्या माणसाची मागची बाजू पहिल्यांदाच नीट बघायला मिळत होती.